खलबत्त्याला पाणी लावू नये

रविवार, १ जानेवारी १९५६

आज लालबागची खोली सोडली आणि गिरगावात नलूकडे राहायला आलो. नव्या वर्षाचा पहिला दिवस, तोही रविवार, म्हणून जावई रघुवीर स्वतः न्यायला आले होते. सामान थोडे. एक ट्रंक, एक वळकटी आणि गोणपाटात बांधलेला लोखंडी खलबत्ता. बसमध्ये खलबत्ता पायाशी ठेवला तर कंडक्टर म्हणाला, "हे गृहस्थ कोण? यांचंही तिकीट काढा." सगळी बस हसली. मीही हसलो. रघुवीरनी तो तीन जिने चढवून आणला आणि दारात टेकवून घाम पुसत विचारले, "अप्पा, आत शेटना तर बांधून आणलं नाहीत ना?"

शेट म्हणजे आमचे चिंतामणशेट. त्यांच्या काष्ठौषधींच्या दुकानात मी एकेचाळीस वर्षे कुटण्याचे काम केले. मुळ्या, साली, बिया, जे गिऱ्हाइकाला हवे ते. डिसेंबरात काम सोडले तेव्हा शेटनी हा खलबत्ता मला भेट दिला. त्याचा एकच नियम आहे, तो आल्या आल्या नलूला सांगून ठेवला. खलबत्त्याला पाणी लावायचे नाही. गंज धरतो आणि औषध नासते. कुटून झाले की कोरड्या फडक्याने पुसायचा. एकेचाळीस वर्षांत त्याला पाण्याचा थेंब लागलेला नाही.

खोली चांगली आहे. तिसरा मजला, पुढे गॅलरी, खाली वाडीचा चौक आणि चौकाला मोठे लाकडी फाटक. नलूने माझ्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली आहे. फक्त दार मला पसंत पडले नाही. दोन झडपांचे दार आहे, त्याची आतली कडी मोडली म्हणून रघुवीरनी साखळी बसवली आहे. साखळी लांब. लावली तरी दोन झडपांमध्ये चार बोटांची फट राहते. शिवाय बाहेरून कोणी ढकलत असेल तर साखळी ताठ होते आणि मग आतून दार दाबून पुरते मिटल्याशिवाय तिचा आकडा निघतच नाही. मी तीनदा करून पाहिले. रघुवीर म्हणाले, सुताराला सांगतो. मी म्हटले, उद्याच सांगा. नलू म्हणाली, झालं, अप्पा आले!

ही रोजनिशी रघुवीरनी दिली. माझगावला गोदीतल्या कचेरीत ते कारकून आहेत, तिथे अशा वह्या मिळतात. मी इंग्रजी शाळेचे तोंड पाहिले नाही आणि मराठी चौथीत राहिलो, पण पुड्यांवर औषधांची नावे लिहून लिहून अक्षर वळणदार झाले आहे. रघुवीर म्हणाले, जे मनात घोळत असेल ते रोज लिहून काढा, म्हणजे डोक्यातून उतरेल. त्यांना वाटते मी म्हातारपणामुळे दचकतो.

रात्री श्रीखंड केले होते. मी दोनदा घेतले.

मंगळवार, ३ जानेवारी

नलू झोपत नाही. मला वाटले होते मीच एकटा जागा असतो, पण तीही छताकडे बघत पडलेली असते. नोव्हेंबरात मोर्चाला गेलेले रघुवीर डोके फोडून घरी आले, तेव्हापासून तिच्या छातीत धडधड आहे. जिन्यावर जोराने पाय वाजला की हातातले टाकून दाराशी धावते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी दिवसभर डोके जड राहते.

एवढे तरी माझ्या हातात आहे. आज भुलेश्वरला चालत जाऊन जिन्नस आणले आणि घरीच चहा केला. चहा म्हणजे आपला रोजचा नव्हे. सुकी ब्राह्मी चार भाग, गवती चहाची सुकी पात चार भाग, बडीशेप दोन, ज्येष्ठमध एक, आणि जटामांसी दोन चिमटी, जास्त नको. जटामांसीला ओल्या घोंगडीचा वास येतो, पण मन ठिकाणावर आणायला तिच्यासारखी दुसरी मुळी नाही. ज्येष्ठमध आधी कुटायचे, ते कठीण असते. मग बाकीचे. पीठ करायचे नाही, भरड ठेवायची. लोक चुकतात ते इथे आणि पुढे उकळण्यात. ही भरड काढ्यासारखी उकळायची नाही. पाण्याला उकळी आली की भांडे खाली उतरवायचे, माणशी एक चमचा टाकायचा, झाकण घालून वर ओले फडके ठेवायचे आणि तीनदा शंभर मोजायचे. वाफेत जो वास असतो तोच गुण. गाळून, वर खडीसाखर.

नलूने घोट घेतला, नाक मुरडले आणि सगळा प्याली. रघुवीर म्हणाले, असला पाला गुरांना घाला, मला माझा खरा चहा द्या. मी स्वतः घेत नाही. कुटणाऱ्याने चाखायचे नाही ही दुकानातली जुनी सवय.

नलू सकाळी सातपर्यंत झोपली. सात महिन्यांच्या मुलासारखी, मूठ उघडी टाकून.

गुरुवार, ५ जानेवारी

नलूचा चेहरा उजळला. छातीतली धडधड गेली म्हणते. मला फार बरे वाटले. आपण कोणाला तरी उपयोगी पडलो असे वाटले.

शेजारच्या सुमतीबाई वास घेत दाराशी आल्या. मालवणकडच्या, बोलायला फटकळ. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वैद्यबुवा, आमच्या घोवाकपण एक कोप द्या, म्हंजे घर तरी गप ऱ्हवात." त्यांचे यजमान आनंदा छापखान्यात खिळे जुळवतात. हात मोठा चपळ, आणि राग त्याहून चपळ. सध्या छापखान्यात पत्रकांचे काम दिवसरात्र चालते, त्यामुळे घरी आले की भांडी आपटतात. मी डबाभर भरड कुटून दिली आणि कृती दोनदा समजावली. उकळू नका, उकळू नका. सुमतीबाई म्हणाल्या, एवढं तर माझ्या सासूने लग्नात समजावलं नव्हतं.

संध्याकाळी आनंदा गॅलरीत उभे होते. मला पाहून हसले. नलू म्हणते, चार वर्षांत हा माणूस हसलेला तिने पाहिला नव्हता.

सुतार आला नाही.

शनिवार, ७ जानेवारी

आज दुपारी एक वाईट गोष्ट घडली. आनंदांचा उजवा हात दारात चेंगरला.

अर्धा दिवस म्हणून ते घरी होते. सुमतीबाईंनी आतून दार ओढले आणि हाडे मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मला भिंतीपलीकडून ओळखू आला. मी गॅलरीत धावलो. आनंदा चौकटीशी उभे. चार बोटे बिजागरीच्या फटीत, आणि दार त्यांच्यावर मिटलेले. ओरडले नाहीत. तोंडावर दुखल्याची खूणसुद्धा नव्हती. मी दार उघडले तेव्हा बोटे चपटी झाली होती आणि तर्जनीचे नख लाकडालाच राहिले. त्यांनी हात डोळ्यांपुढे धरून फिरवून पाहिला, जसे दुसऱ्याचे काही आपल्या हातात आले आहे, आणि म्हणाले, दुखत नाही.

सुमतीबाई किंचाळत होत्या, मग त्याही गप्प झाल्या. आत गेल्या. दवाखान्यात रघुवीरच घेऊन गेले. ते मला हळूच म्हणाले की दार काही वाऱ्याने लागले नाही आणि चुकूनही नाही. सुमतीबाई सांगतात, हे दहा मिनिटे तिथे बोटे घालून उभे होते आणि "ओढ" म्हणाले, म्हणून ओढले.

मला जेवण गेले नाही.

सोमवार, ९ जानेवारी

नलू दाराशी बसून तांदूळ निवडत होती. उजव्या हाताने निवडत होती. डावा हात कुठे आहे म्हणून पाहिले तर बोटे बिजागरीच्या फटीत. मी ओरडलो, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघू लागले. तिने सावकाश बोटे काढून घेतली. असू दे हो अप्पा, म्हणाली, तिथे बरं वाटतं.

रघुवीर आज तक्रारीच्या सुरात म्हणाले, पूर्वी जिन्यावर पाय वाजला की ही धावत यायची, आता मी पोहोचलो काय नि नाही काय. हसून म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. उद्यापासून सभा रोज आहेत. नलूने मान वर केली नाही. नवऱ्याची काळजी वाटेनाशी झालेली बायको मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझी मुलगी आहे, आणि ते माझ्या चहाने झाले आहे.

आज चहा केला नाही. ब्राह्मी संपली असे सांगितले.

मला एक गोष्ट लिहायची आहे. उद्या लिहीन.

मंगळवार, १० जानेवारी

शेटनी खलबत्ता भेट दिला हे खोटे आहे. मी तो मागून घेतला. दुकानात दुसऱ्या कोणाच्या हाती राहू द्यायचा नव्हता.

नोव्हेंबरातला तो सोमवार. सकाळपासून हरताळ. शेट आदल्या रात्रीपासून घरी, दुकानात मी एकटा. आमच्या दुकानाला नऊ फळ्या. खालीवर खाच असते, तीत एकेक फळी सरकवत जायचे, शेवटची नववी आतून बसवून अडसर घालायचा. दुपारी दोनच्या सुमारास रस्त्यावर पळापळ झाली. शिट्ट्या, काचा, नाक्याकडून बार. मी फळ्या लावू लागलो. त्या दिवशी खाच सापडत नव्हती. आठ बसल्या. नववी सरकवत होतो तेव्हा फटीतून चार बोटे आत आली.

पुरुषाची बोटे. नखांत कापसाचे तंतू. गिरणीतलाच कोणी. तो ओरडला नाही, दम लागलेला होता. एवढेच म्हणाला, "बाबा, एकच फळी." पुन्हा म्हणाला, "एकच फळी काढा, बाबा."

काढता आली असती. एक माणूस आडवा होऊन आत आला असता. पण त्याच्या मागे बूट वाजत होते, आणि मला वाटले, हा आत आला की ते आत येतील. मी फळी दाबली. बोटे निघेनात. बत्ता हाताशी होता.

चार घाव घातले. एकेका बोटावर एक. चौथ्यानंतर फळी बसली.

नंतर बाहेर काय झाले ते मी ऐकले. लिहीत नाही. सकाळी तो दुकानापुढेच पडलेला होता. कोणाच्या माराने गेला ते मला ठाऊक नाही, नाव मी विचारले नाही. गाडी आली आणि घेऊन गेली. पायरी शेटच्या मोलकरणीने धुतली.

बत्ता मी पुसला. नियमाप्रमाणे, कोरड्या फडक्याने. पाणी लावले नाही. मला दुसरे काही सुचलेच नाही, हात आपोआप तसेच वळले. आणि या महिन्यात त्याच बत्त्याने नलूसाठी ज्येष्ठमध कुटले.

हे मी आता लिहिले तेव्हाच मला कळले.

बुधवार, ११ जानेवारी

सकाळी नळ आला तेव्हा मोरीत बसून खलबत्ता धुतला. एकेचाळीस वर्षांनी. पहिले पाणी लाल. लोखंड आहे, गंज असणारच. सात वेळा पाणी घातले. सातवेही लाल. राखेने घासला, चिंचेने घासला. आठवे लाल. नळ गेला.

घरात उरलेली भरड मोरीत ओतली आणि पाणी सोडले. सुमतीबाईंना विचारले, तुमच्या डब्यात किती आहे. म्हणाल्या, संपली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दाराच्या फटीकडे बघत होत्या.

सुताराकडे मी स्वतः गेलो. तो म्हणाला, आजोबा, शहर पेटायची वेळ आणि तुम्हाला साखळीची पडली आहे! सोमवारनंतर बघतो.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. पाच दिवस चहा नाही, आणि नलूची धडधड परत आली आहे. मी देवापुढे साखर ठेवली. कोणता बाप असे करील? पण ती आज रघुवीर यायला उशीर झाला म्हणून रडली, जिन्यापर्यंत धावली, आणि मला वाटले, आली, माझी नलू परत आली.

तिला मात्र तसे वाटत नाही. माझ्यापुढे बसून म्हणाली, तुम्हीच दिलंत आणि तुम्हीच काढून घेता. अप्पा, मला भीती वाटते हो. एक कप द्या. मी नाही म्हटले. तिने तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि उठून गेली.

आनंदांची दोन बोटे कापावी लागणार. ते म्हणतात, सगळीच कापा.

रविवार, १५ जानेवारी

आज नलूचे हळदीकुंकू होते. बायका येणार म्हणून मी तासभर खाली चौकात बसलो. एकामागून एक काठापदराच्या साड्या जिना चढताना पाहिल्या. चांगले वाटले. अकरा जणी होत्या, मला मोजायची सवय आहे.

वर आलो तर दारातच ओल्या घोंगडीचा वास.

डबा सुमतीबाईंचा होता. संपली नव्हती. दोघींनी मिळून केला. नलूने कृती बरोबर पाळली, उकळला नाही, झाकून ठेवला. अकरा जणींनी मसाल्याच्या दुधाऐवजी तोच घेतला आणि सगळ्यांना आवडला. काय शांत वाटतंय, म्हणाल्या. डबा आता खरेच रिकामा आहे, मी बोट फिरवून पाहिले.

नलू हसत होती. जिन्यावर पाय वाजले. तिने वळून पाहिले नाही.

सोमवार, १६ जानेवारी

रेडिओवर दिल्लीचे भाषण झाले. मुंबई महाराष्ट्राला नाही. वाडीत एकदम आरडाओरडा. रघुवीरनी चपला घातल्या. मी दारात आडवा झालो. ते म्हणाले, अप्पा, आज घरी बसलो तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही. नलूला म्हणाले, येतो. ती म्हणाली, बरं.

आले नाहीत.

मंगळवार, १७ जानेवारी

सकाळी अकरा. रस्त्यावर दगड, टायर जळतात, धूर वाडीत येतो. डोळे चुरचुरतात. रघुवीर नाहीत. कोणी म्हणते पकडले, कोणी म्हणते परळला इस्पितळात आहेत. मी जायला पाहिजे. दारापर्यंत जातो आणि परत येतो.

दुपार. लिहवत नाही, पण लिहितो.

पोरे पळत वाडीत शिरली, त्यांच्यामागे बार. पुरुषांनी फाटक ओढायला घेतले. दोन मोठी दारे, प्रत्येकाला सहा माणसे. तेव्हा बायका जिने उतरून आल्या. कोणी घाई केली नाही. हळदीकुंकवाला आल्या होत्या तशाच, एकीमागे एक. फाटकाशी जाऊन रांगेने उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी उजवा हात फटीत घातला, एकावर एक, खालपासून वरपर्यंत. पुरुष ओढत होते, त्यांची तोंडे रस्त्याकडे, त्यांना दिसले नाही. मी वरून ओरडलो. माझा आवाज कोणाला ऐकू गेला?

फाटक बसले.

तो आवाज. हिरव्या बांगड्यांचा आधी, मग दुसरा.

एकही ओरडली नाही. पुरुष ओरडले. आपल्याच बायका पाहून आनंदांच्या पलीकडच्या खोलीतला माणूस भिंतीवर डोके आपटू लागला. फाटक पुन्हा उघडावे तर बाहेर पोलीस. अर्धा तास ते तसेच राहिले. खालच्या फळीवरून रक्त ओघळून चौकातल्या गटारात गेले. सुमतीबाई शेवटी होत्या. त्यांनी डाव्या हाताने पदर सारखा केला.

नलू माझ्या हातात होती. मनगट धरून ठेवले होते. ती ओढत होती. हळू, न रागावता. जशी लहानपणी जत्रेत फुग्यांकडे ओढायची.

बुधवार, १८ जानेवारी

संचारबंदी. रघुवीरची खबर नाही.

नलूचे हात पलंगाला बांधले आहेत. माझ्याच धोतराने. बाप आहे मी. तिला भरवले. ती जेवली, पाणी प्याली, म्हणाली मीठ कमी आहे. मग माझ्याकडे पाहून म्हणाली—

बाबा, एकच फळी.

ती मला बाबा म्हणत नाही. जन्मापासून अप्पा म्हणते. आणि ते शब्द मी कोणाला सांगितलेले नाहीत. ही वही तिने वाचली असेल का? वही माझ्या उशीखाली असते. आवाज तिचाच होता, पण दम लागलेला. पलंगावर पडल्यापडल्या दम लागलेला.

मी तिच्या पायांशी बसून सगळे सांगितले. तिला की त्याला, ठाऊक नाही. क्षमा मागितली. ती ऐकत होती. म्हणाली, दुखलं नाही हो. पण दार?

मी शपथ घेतली. नलूच्या डोक्यावर हात ठेवून. या दाराशी कोणीही येवो, पोलीस येवो, पळणारा येवो, तो येवो, मी उघडीन. मेलो तरी उघडीन.

बत्ता उचलून खिडकीतून टाकणार होतो. टाकला नाही. खाली माणसे असतात. आणि कोणी वर आलेच तर हाताशी काहीतरी—

गुरुवार, १९ जानेवारी

सकाळी नलू शुद्धीवर वाटली. रडली. विचारले, रघुवीर कुठे? धडधड होते म्हणाली. माझा हात छातीवर ठेवून दाखवली. खरेच होत होती. मी गाठी सोडल्या. मनगटांना वळ आले आहेत.

मोरीकडे जाऊन येते म्हणाली. गॅलरीच्या टोकाला. मी दारातून बघत होतो.

मग खाली फाटक तुटले.

—

जिन्यावर पळापळ. मागे बूट. शिट्ट्या. गॅलरीत धूर, काही दिसेना. नलूला हाक मारली. मारली का? मारली असेल. मी आत. साखळी लावली. मी नाही लावली, हातांनी लावली.

—

कोणीतरी दार ढकलते. साखळी ताठ झाली.

फटीत चार बोटे.

नखांत कापूस. मी पाहिला. कापसाचे तंतू. तो आला. दम लागलेला. एकच फळी, म्हणतो. बूट पहिल्या मजल्यावर.

शपथ आठवली. सगळे आठवले. हात ऐकेनात—

—

चार घाव घातले.

बोटे गेली नाहीत. तिथेच आहेत. रक्त झडपेवरून खाली येते, माझ्या पायाशी. आणि मनगट आत सरकले. मनगटाला धोतराच्या गाठीचा वळ. आणि काचेची हिरवी बांगडी, अर्धी.

नलू.

नलू ती. अप्पा, म्हणते. अप्पाच म्हणते.

—

बत्ता टाकला. साखळीचा आकडा निघत नाही. ती बाहेरून टेकून उभी, साखळी ताठ. दार आधी मिटले पाहिजे. मिटले तर आकडा निघेल, तर दार उघडेल. तिची बोटे फटीत.

काढ बाळ, म्हणतो. हात काढ. एकदाच काढ.

काढत नाही. दुसरा हातही घातला. आठ बोटे.

मिटा अप्पा, म्हणते, दुखत नाही.

बूट दुसऱ्या मजल्यावर. बार. कोणी पडले.

वही गुडघ्यावर आहे, पाठ दाराला. कोणाला तरी कळावे म्हणून लिहितो. मी उघडणार आहे. या खेपेला मी उघडणारच आहे. बूट गॅलरीत. आता खांदा लावतो आणि दार मिट—